लेडी कॅथरिन, पण लेडी लूकस

इंग्रजीतल्या 'दाऊ' (जुनं 'तू') आणि 'यू'वरचा माझा आधीचा लेख वाचून एका वाचक-बाईंनी विचारलंय: 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एक 'लेडी कॅथरिन' आणि दुसरी 'लेडी लूकस', असं का? एकीचं नाव, दुसरीचं आडनाव! हा माझ्या फार आवडीचा विषय, म्हणून आजचा लेख त्यालाच.

लेडी लूकसचा मान नवऱ्याकडून आलेला. विल्यम लूकस 'सर' झाले, म्हणून बायको 'लेडी', आणि पुढे नवऱ्याचं आडनाव. लेडी कॅथरिन मात्र अर्लची मुलगी. तिचा मान जन्माचा, त्यामुळे तो तिच्या स्वतःच्या नावाला लागतो आणि लग्नानंतरही सुटत नाही. नवरा सर लुइस असूनही ती 'लेडी डी बर्ग' होत नाही. जेन ऑस्टिन हे कुठेच समजावून सांगत नाही. १८१३ सालच्या वाचकाला नुसत्या संबोधनावरून दोघींमधलं अंतर कळत असे.

याच कादंबरीतल्या बेनेट बहिणींतही तेच. थोरली जेन ही 'मिस बेनेट'. तिच्या पाठची 'मिस एलिझाबेथ बेनेट'. थोरली सोबत नसेल तिथे एलिझाबेथही 'मिस बेनेट' होते. सर्वांत धाकटी लिडिया 'मिसेस विकम' होऊन माहेरी येते आणि जेनला मागे सारून आईच्या उजव्या हाताची जागा घेते.

आपल्याकडे 'अहो'चं 'अरे' झालं की घरातले सगळे कान टवकारतात. ऑस्टिनच्या पात्रांच्या बोलण्यातून 'दाऊ' केव्हाच गेलेलं. उरलं एकटं 'यू', सगळ्यांना सारखंच. मग जवळीक दिसायची ती नावातूनच.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त विलोबी मरिअ‍ॅनला घोडा देऊ करतो. त्या बोलण्यात तो तिला नुसतं 'मरिअ‍ॅन' म्हणतो. थोरली बहीण एलिनॉर ते ऐकते आणि दोघांचं लग्न ठरलं असं धरून चालते. तिचा तर्क रीतीला धरूनच आहे. पण विलोबीने मागणी घातलेलीच नसते.

'एमा'मधली मिसेस एल्टन गावात नवी, तरी मिस्टर नाइटलींना खुशाल 'नाइटली' म्हणते आणि जेन फेअरफॅक्सला 'जेन'. फ्रँक चर्चिलचं जेनशी गुपचूप लग्न ठरलेलं. सावत्र आईला लिहिलेल्या पत्रात तो मिसेस एल्टनच्या या 'जेन'वर चिडतो, कारण त्याने स्वतः सावत्र आईपुढेसुद्धा ते नाव असं मोकळेपणाने घेतलेलं नाही. एरवी हा माणूस बेपर्वा, सगळ्या गावाला खेळवणारा. पण हे एक नाव त्याने जपलं. त्याच्या प्रेमाचा याहून खात्रीचा पुरावा मला अख्ख्या कादंबरीत सापडत नाही.

'एमा'ची शेवटची प्रकरणं जरूर वाचा आणि लग्न ठरल्यावरही एमा नाइटलींना 'जॉर्ज' म्हणायला का तयार होत नाही, ते पाहा.