मुंबईच्या धावपट्टीत मावणारा विमानप्रवास

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळपास 3.4 किलोमीटर लांब आहे. तिच्या एका टोकाला एक विमानतळ आहे आणि दुसरं टोक यायच्या 700 मीटर अलीकडेच दुसरा विमानतळ आहे, अशी कल्पना करा. एवढ्याशा अंतरासाठी माणसं खरोखरच तिकीट काढून विमानात बसतात!

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात ऑर्कनी बेटं आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं हवाई अंतर आहे 2.7 किलोमीटर. लोगनएअर ही कंपनी 1967 पासून तिथे विमान नेते. वेळापत्रकात 2 मिनिटं लिहिलेली असतात, पण वाऱ्याची साथ मिळाली तर एका मिनिटातही काम होतं. विक्रम आहे 53 सेकंदांचा. नियमित सेवांमध्ये जगातला सर्वांत छोटा विमानप्रवास तो हाच.

विमानही तसंच सुटसुटीत. ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन पंख्यांचं विमान. आत मधून चालायला वाट नाही. दारातून थेट आपल्या बाकावर बसायचं. एक प्रवासी तर वैमानिकाच्या शेजारीच बसतो. पट्टा बांधून खिडकीबाहेर पाहावं, तर खाली निळं पाणी सरकतंय तोच समोर धावपट्टी येते.

आता हे अंतर मोठ्या विमानाशेजारी ठेवून पाहू. ताशी 900 किलोमीटर वेगाने जाणारं जेट 2.7 किलोमीटर 11 सेकंदांत कापतं. ते ज्या 11 किलोमीटर उंचीवरून उडतं, ती उंचीच या प्रवासाच्या चौपट भरते! सिंगापूर ते न्यूयॉर्क अंतर 15,300 किलोमीटरहून जास्त. म्हणजे तेवढ्यात वेस्ट्रे-पापा वेस्ट्रेच्या साडेपाच हजारांवर फेऱ्या बसतील.

स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने ही उडी 12,000 हून अधिक वेळा मारली. 53 सेकंदांचा विक्रमही त्याचाच. 12,000 गुणिले 2.7 म्हणजे 32,400 किलोमीटर. एवढ्यात पृथ्वीची एक प्रदक्षिणाही पुरी होत नाही. सिंगापूर-न्यूयॉर्क जाऊन-येऊन जेमतेम एवढंच अंतर होतं. फरक एवढाच, की तिकडे चाकं दोनदा जमिनीला टेकतात आणि इकडे 12,000 वेळा.

मग एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला? दाभोळच्या धक्क्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. समोर धोपावे दिसतं, पण फेरीबोट नसेल तर खाडीला केवढा वळसा! पापा वेस्ट्रेला तर वळसा घालायलाही रस्ता नाही. बोट आहे, पण मध्ये खवळणारा समुद्र आहे. मुख्य गाव कर्कवॉलहून निघालेलं विमान वेस्ट्रेला थांबून पुढे पापा वेस्ट्रेला जातं, वस्तीच्या एसटीने एक थांबा आणखी पुढे जावं तसं.

त्या शेवटच्या थांब्यावर राहतात साधारण 90 माणसं. त्यांच्यासाठी शिक्षक या विमानाने येतात, आजारी माणूस यातूनच कर्कवॉलच्या रुग्णालयात जातो. सगळ्या आकड्यांत मला थक्क करतो तो हा 90 चा आकडा. एवढ्या थोड्या माणसांसाठी 1967 पासून विमान उतरत आलं आहे. गाव लहान म्हणून तिथला थांबा कुणी गाळला नाही.