डेव्हनशरची डचेस : एक विजोड विवाह

नवराबायकोचे पटत नाही असे कानावर आले की आपण दोघांच्या स्वभावाकडे बोट दाखवून मोकळे होतो. परंतु काही संसारांत स्वभावाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दोष त्या काळच्या रूढीचा आणि कायद्याचा असतो. इंग्लंडच्या इतिहासातील असे एक उदाहरण आज आपण पाहू.

तिसऱ्या जॉर्ज राजाच्या कारकिर्दीत, ७ जून १७७४ रोजी, जॉर्जियाना स्पेन्सर हिचा विवाह डेव्हनशरचा पाचवा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याच्याशी झाला. त्याच दिवशी तिला सतरा वर्षे पूर्ण झाली. ड्यूक पंचवीस वर्षांचा होता. घराणे गडगंज, चॅट्सवर्थला प्रासाद, लंडनमध्ये डेव्हनशर हाऊस. वधू बोलकी, हौशी, माणसांत रमणारी. वर अबोल, थंड, क्लबात पत्ते कुटणारा.

पण उमरावांच्या घरी स्वभाव पाहतो कोण? तेथील विवाह म्हणजे दोन इस्टेटींमधील करार. पदवी आणि जहागीर पुत्राकडेच जाणार, म्हणून सुनेकडून अपेक्षा एकच : मुलगा. जॉर्जियानाला पहिले अपत्य १७८३ साली झाले, ती मुलगी. १७८५ साली दुसरीही मुलगीच. वारस जन्मला १७९० साली, लग्नानंतर सोळा वर्षांनी!

या काळात तिने काय काय सोसले? ड्यूकला दुसऱ्या स्त्रीपासून झालेली मुलगी तिने घरात वाढवली. एलिझाबेथ फॉस्टर ही तिची मैत्रीण १७८२ पासून त्यांच्याकडे राहू लागली. तिलाही ड्यूकपासून दोन मुले झाली. १७८४ च्या वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत चार्ल्स जेम्स फॉक्ससाठी रस्तोरस्ती मते मागणारी ही डचेस लंडनभर गाजली. घरी मात्र जुगाराचे कर्ज नवऱ्यापासून लपवीत होती.

पुढे चार्ल्स ग्रे या तरुण राजकारण्यापासून तिला दिवस गेले. तेव्हा ड्यूकने तिला परदेशी धाडले. १७९२ साली फ्रान्समध्ये मुलगी झाली. ती ग्रेच्या आईवडिलांच्या स्वाधीन करावी लागली. स्वतःची तीन मुले जॉर्जियानाला जवळजवळ दोन वर्षे दिसली नाहीत. १७९३ साली ती परतली, ती त्याच घरी.

का परतली? कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतंत्र अस्तित्वच नव्हते. मुलांवर हक्क बापाचा. घटस्फोट हवा तर पार्लमेंटात खास कायदा करून घ्यावा लागे, आणि नवऱ्याचा नुसता व्यभिचार त्याला पुरेसा नसे. चूक दोघांची, पण मुले, घर आणि मान एकटीचाच पणाला लागला.

१८०६ साली ती वारली. ड्यूकने १८०९ मध्ये एलिझाबेथशी लग्न केले. ग्रे १८३० साली पंतप्रधान झाला. सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची मुभा आईला १८३९ च्या कायद्याने मिळाली. पण जिचा व्यभिचार न्यायालयात सिद्ध झाला असेल, तिला नाही. केवळ व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मागण्याचा समान हक्क तेथील पत्नीला मिळायला १९२३ साल उजाडावे लागले.

स्वभाव जुळणे वा न जुळणे यात दैवाचा भाग असेल. परंतु न जुळल्यावर किंमत कोणी मोजावी, हे माणसांनीच ठरवलेले असते. म्हणून ते बदलण्याची जबाबदारीही माणसांचीच, असे आम्हाला वाटते.