काल चालत होतं, आज बंदी! सौंदर्यप्रसाधनांतले घटक पुन्हा पुन्हा का तपासले जातात?

अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, काही महिन्यांच्या अंतराने किडनीचा आजार झाला. कारण सापडत नव्हतं. शेवटी प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेलं आणि संशयाची सुई एका साध्या वस्तूवर येऊन थांबली. ती वस्तू म्हणजे ब्युटिशियनकडून आणलेलं गोरं करणारं क्रीम. तिघी तेच वापरत होत्या. तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर पोहोचली.

ही गोष्ट फक्त अकोल्याची नाही. इन्स्टाग्रामवर 'सात दिवसांत ग्लो' म्हणून दिसलेली डबी आज जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावातही घरपोच येते. मग प्रश्न पडतो की पारा विषारी आहे हे माहीत असताना तो क्रीममध्ये येतोच कसा? आणि आज 'सेफ' म्हणून विकला जाणारा एखादा घटक उद्या धोकादायक ठरू शकतो का?

पारा क्रीममध्ये कशासाठी घालतात?

आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो. ते तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. पारा नेमकं त्याचंच काम अडवतो. त्यामुळे थोड्या दिवसांत चेहरा उजळ दिसतो, डाग फिके पडतात. पारा स्वस्त आहे आणि त्याचा परिणाम लवकर दिसतो, म्हणून बेकायदा क्रीम बनवणाऱ्यांना तो सोयीचा वाटतो.

पण पारा त्वचेवरच राहत नाही. तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. किडनीची गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, पाय आणि डोळ्यांभोवती सूज येते.

केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळातल्या अशाच किडनीविकाराच्या 22 रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या 15 जणांमध्ये या आजाराचा एक खास प्रकार आढळला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरं करणारी क्रीम वापरल्याचं सांगितलं. दिलासा एवढाच की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली.

मग कायदा काय सांगतो?

भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू आहेत. पाऱ्याबद्दल नियम असा आहे: डोळ्यांसाठीच्या प्रसाधनांत जास्तीत जास्त 70 पीपीएम आणि बाकी प्रसाधनांत नकळत आलेला पारा जास्तीत जास्त 1 पीपीएम.

1 पीपीएम म्हणजे किती? एक टन ऊस डोळ्यांसमोर आणा. त्यात फक्त एक ग्रॅम. इतकाच पारा, तोही चुकून आलेला असेल तरच चालतो. मुद्दाम घालायला परवानगी नाही. गोरं करण्याइतका परिणाम दाखवणाऱ्या क्रीममध्ये पारा यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

जगभरातला नियम आता याहून कडक झाला आहे. पाऱ्याबद्दलच्या मिनामाटा करारात भारत 2018 पासून सामील आहे. या करारातही आधी 1 पीपीएमची मर्यादा होती. नोव्हेंबर 2023 मध्ये जिनिव्हात झालेल्या बैठकीत ती मर्यादाच काढून टाकली गेली आणि पारा घातलेली सगळी सौंदर्यप्रसाधनं 2025 नंतर बंद करायचं ठरलं. म्हणजे 'थोडा चालेल' पासून 'अजिबात नको' पर्यंतचा हा प्रवास आहे. यालाच सुरक्षिततेचं फेरमूल्यांकन म्हणतात.

फेरमूल्यांकन कसं होतं?

युरोपीय संघात यासाठी शास्त्रज्ञांची स्वतंत्र समिती आहे. तिचं गणित समजायला सोपं आहे. एखाद्या घटकाचं किती प्रमाण शरीरात गेलं तरी अपाय दिसत नाही, हे आधी उपलब्ध अभ्यासांतून ठरवलं जातं. मग रोजच्या वापरातून प्रत्यक्षात किती शरीरात जातं, ते काढलं जातं. पहिला आकडा दुसऱ्याच्या किमान 100 पट असावा, हा सर्वसाधारण निकष आहे.

नवा अभ्यास आला किंवा वापर वाढला की हे गणित पुन्हा मांडलं जातं. रेटिनॉलचंच बघा. हे 'अ' जीवनसत्त्वाचं रूप आहे. ते आपल्याला दूध, अंडी अशा खाण्यातूनही मिळतं. क्रीम आणि आहार यांची बेरीज जास्त होऊ नये म्हणून युरोपनं 2024 मध्ये चेहऱ्याच्या प्रसाधनांत 0.3 टक्के आणि बॉडी लोशनमध्ये 0.05 टक्के अशी मर्यादा घातली. कोजिक अॅसिडवरही त्याच वेळी 1 टक्क्याची मर्यादा आली. जेल नेलपॉलिशमध्ये वापरल्या जाणाऱ्या टीपीओ या रसायनावर तर 1 सप्टेंबर 2025 पासून तिथे बंदीच आहे, कारण ते प्रजननक्षमतेला घातक ठरू शकतं असं वर्गीकरण झालं.

याचा अर्थ रेटिनॉल विष आहे असा होत नाही. फरक प्रमाणाचा असतो.

मुलुंडच्या बेबी पावडरचं प्रकरण काय होतं?

फेरतपासणी नीट झाली नाही तर काय होतं, हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड कारखान्याचा बेबी पावडर बनवण्याचा परवाना रद्द केला. पावडरचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं प्रमाण, मानकात बसत नाही, असं कारण दिलं गेलं. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाच्या आदेशानं नवे नमुने तपासले गेले आणि ते मानकात बसले. नमुना घेण्यापासून कारवाईपर्यंत फार वेळ गेला, यावरही न्यायालयानं बोट ठेवलं. जानेवारी 2023 मध्ये एफडीएचे आदेश रद्द झाले.

टाल्कचा वाद मात्र वेगळा आहे. टाल्क हे खाणीतून निघणारं खनिज आहे आणि निसर्गात त्याच्या शेजारीच अॅसबेस्टॉस सापडू शकतं, जे कर्करोगकारक आहे. अमेरिकेत यावरून हजारो खटले झाले. आमची पावडर सुरक्षित आहे, अशीच कंपनीची भूमिका राहिली. तरीही 2023 पासून जगभर टाल्कऐवजी मक्याच्या स्टार्चची पावडर विकायचं तिनं जाहीर केलं. जुलै 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही संस्था एखाद्या गोष्टीमुळे कर्करोग होऊ शकतो का, एवढंच सांगते. किती वापरल्यावर किती धोका, हे सांगत नाही. लाल मांसही याच गटात आहे. त्यामुळे 'पावडर लावली की कॅन्सर' हा व्हॉट्सअॅप फॉरवर्ड जितका चुकीचा, तितकंच 'काहीच होत नाही' हेही चुकीचं.

'हर्बल' लिहिलं असेल तर?

नैसर्गिक म्हणजे सुरक्षित, असं समीकरण नाही. पारा आणि अॅसबेस्टॉस दोन्ही निसर्गातलेच आहेत. सिंदुराला रंग येण्यासाठी पूर्वी शिशाचं संयुग वापरलं जायचं. आता रंगासाठी शिसं किंवा आर्सेनिक वापरायला कायद्यानं मनाई आहे.

दुसरीकडे, औषधाच्या दुकानातली स्टेरॉइडची ट्यूबही अनेक जण फेअरनेस क्रीम म्हणून लावतात. ती सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. 2018 मध्ये सरकारनं अशी 14 स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ती सतत लावल्यानं त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुमं येतात.

डबी घेताना काय बघाल?

• उत्पादकाचं नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी. यातलं काही नसेल तर घेऊ नका.
• माल परदेशी असेल तर आयात नोंदणी क्रमांक.
• कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक, मर्क्युरिओ यांपैकी एखादा शब्द. ही सगळी पाऱ्याचीच नावं आहेत.
• 'सोनं, चांदी, अॅल्युमिनियमपासून दूर ठेवा' अशी सूचना. क्रीमवर ती दिसली तर पाऱ्याचा संशय घ्या.
• साध्या डबीत भरलेलं, लेबल नसलेलं 'पार्लर स्पेशल' क्रीम. कितीही ओळखीच्या व्यक्तीनं दिलं तरी नकोच.

वापर आधीच सुरू असेल तर?

क्रीम लगेच थांबवा, पण डबी फेकू नका. तपासणीसाठी ती लागू शकते. पारा एकाच्या हातातून, टॉवेलमधून घरातल्या इतरांपर्यंतही जातो, त्यामुळे लहान मुलं आणि गर्भवती असतील तर जास्त काळजी घ्या. फेसाळ लघवी किंवा सूज असेल तर डॉक्टरांकडे जा आणि कोणतं क्रीम लावत होता ते स्वतःहून सांगा. लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होते.

तक्रार एफडीएकडे करायची. तीर्थपुरीच्या ग्राहकासाठी जवळचं कार्यालय जालन्यात आहे आणि राज्याचा टोल फ्री क्रमांक 1800-222-365 आहे. सोबत बिल, डबीचे फोटो आणि ऑनलाइन ऑर्डरचा स्क्रीनशॉट ठेवा. अकोल्यात कारण सापडलं ते तिघींच्या घरातली डबी तपासायला कुणाला तरी सुचलं म्हणून.