मुलासाठी गाण्याची डबी घेताना

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की घरोघरी एक हट्ट डोके वर काढतो. पूर्वी तो सायकलीचा असे, क्रिकेटच्या बॅटचा असे. आता मूल म्हणते, “आई, मला गाणी ऐकायला तुझा मोबाइल दे ना!” आणि इथेच आईची पंचाईत होते. गाण्याला नाही म्हणवत नाही; आणि मोबाइल हातात दिला, तर पहिले गाणे संपायच्या आत बोट भलतीकडे वळते. गाण्यावरून चित्रावर, चित्रावरून खेळावर आणि मग जेवायला हाका मारून आईचा घसा बसतो! बरे, मोबाइल काढून घेतला तर गाणेही बंद. म्हणजे शिक्षा झाली ती बिचाऱ्या गाण्याला!

यातून एक मधला मार्ग आहे. फक्त गाणी आणि गोष्टी ऐकवणारे, दुसरे काहीही न करणारे छोटे यंत्र मुलाला स्वतंत्र घेऊन देणे. ही कल्पना तशी नवी नाही. सोनी कंपनीने १९७९ च्या जुलैत जपानमध्ये पहिला वॉकमन विकायला काढला. त्याला हेडफोन लावायला एक नव्हे, दोन भोके होती, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावे. शिवाय एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे हळू होई आणि एकमेकांशी बोलता येई. किती शहाणपणाची सोय होती पाहा! पुढे २००१ मध्ये अ‍ॅपलचा आयपॉड आला, हजार गाणी खिशात मावू लागली. मग मोबाइलनेच सगळे गिळून टाकले आणि २०२२ च्या मे महिन्यात आयपॉड बंद झाल्याचे जाहीर झाले. तरीही गाण्याची साधी यंत्रे बाजारातून गेलेली नाहीत. फक्त आता ती शोधावी लागतात आणि पारखून घ्यावी लागतात.

आधी मूल पाहा, मग दुकान

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या कानाला काहीही लावू नये. त्याला खोलीत हळू वाजणारा छोटा स्पीकर पुरे. मोठी बटणे, गोल कडा, आणि बॅटरीचे झाकण स्क्रूने पक्के बसवलेले हवे. विशेषतः चपट्या, गोल, बटणासारख्या सेलवर चालणारी वस्तू लहान मुलाच्या हाती मुळीच देऊ नका. तो सेल गिळला गेला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. तशी नुसती शंका आली, तरी घरगुती उपाय करत न बसता तडक इस्पितळ गाठावे.

सहा-सात वर्षांच्या मुलालाही स्पीकरच बरा. मात्र गाणे पुढे-मागे करणे त्याचे त्याला जमले पाहिजे. आठव्या-नवव्या वर्षापासून खिशातला छोटा प्लेअर आणि हेडफोन चालतील, तेही घरात, आपल्या नजरेसमोर. सायकलवर, रस्त्यावर, रेल्वेचे फाटक ओलांडताना कानात काही नको, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा.

आणखी एक सांगू? प्लेअर दादाला घ्यायचा आणि ताईला “त्याचाच वाप‍र हं” म्हणायचे, असे करू नका. दादाच्या हातातली वस्तू ताईच्या वाट्याला किती येते, हे आपण बायकांना कोणी सांगायला नको. दोघांत एकच घ्यायचा असेल, तर तो घराचा म्हणून घ्या, वार ठरवून द्या. एका प्लेअरला दोन हेडफोन जोडणारी छोटी वायर स्वस्तात मिळते, तीही आणा.

दुकानातले प्रकार

दुकानात गेले की साधारण चार तऱ्हेच्या वस्तू समोर येतात.

पहिला, छोटा एमपीथ्री प्लेअर. काडेपेटीएवढा किंवा थोडा मोठा, वायरचा हेडफोन लागणारा. काहींत एफएम रेडिओ असतो (रेडिओ लावताना हेडफोनची वायरच एरियलचे काम करते, ती काढू नये), काहींत आवाज टिपून घेण्याचीही सोय असते. मुलासाठी माझी पहिली पसंती याला.

दुसरा, स्पीकर. इथे मात्र डोळे उघडे ठेवा. आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी लेकाला ससुल्याच्या कानांचा सुरेख स्पीकर आणला. घरी आल्यावर कळले, तो नुसता ब्लूटूथवर चालतो. म्हणजे गाणे मोबाइलमधूनच यायचे. झाले! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच मोबाइल पुन्हा लेकाच्या हातात. म्हणून ज्यात मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह थेट घालता येते, असाच स्पीकर मागावा.

तिसरा, आधीच गाणी भरलेली पेटी. सारेगामा कंपनीचा कारवां २०१७ मध्ये आला, तो यातला सर्वांच्या ओळखीचा. पुढे मराठी गाण्यांचाही निघाला. वापरायला सोपा, आजी-आजोबा खूश. पण त्यातली बहुतेक गाणी मोठ्यांच्या आवडीची. मुलाचे मन त्यात किती रमेल, याचा आधी विचार करावा.

चौथा, वायफाय आणि मोठा पडदा असलेला प्लेअर. दुकानदार “यात सगळं आहे, ताई” म्हणून कौतुकाने दाखवील. त्यातले ‘सगळं’च आपल्याला नको आहे! तो म्हणजे सिमकार्ड नसलेला मोबाइलच. घरातला जुना मोबाइल मुलाला देण्याचाही अर्थ तोच.

कानाचे गणित

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या भागात, ध्वनी टिपणाऱ्या बारीक केसाळ पेशी असतात. गुडघा खरचटला तर खपली धरते, नवी कातडी येते. या पेशींचे तसे नाही. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि हे दुखत-खुपत नाही, म्हणून कळतही नाही. आधी बारीक, उंच स्वर जातात. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ असे वर्ण निसटू लागतात. मग बाईंचा आवाज मुलाला ऐकू येतो, पण शब्द नीट उमगत नाही. आपण मात्र “लक्ष कुठं असतं तुझं?” म्हणून त्यालाच रागावतो.

आवाज मोजायचे माप डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याच्या यंत्रांसाठी जी मर्यादा सुचवली आहे, ती मोठ्यांना ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास आणि मुलांना ७५ डेसिबलवर ४० तास. गोम पुढेच आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऐकण्याचा वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलाला ७८ वर २० तास, ८१ वर १०, ८४ वर फक्त ५ तास. तेही आठवड्याला, दिवसाला नव्हे!

आता मुलांच्या हेडफोनचे खोके पाहा. त्यावर ठळक छापलेले असते : ‘८५ डेसिबलपर्यंत सुरक्षित’. आईला वाटते, आता काळजी मिटली. पण वरच्या हिशेबाने ८५ वर मुलाला मिळतात आठवड्याला जेमतेम चार तास, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा तास. तेव्हा असा हेडफोन घ्या, जरूर घ्या. साध्यापेक्षा तो बराच. पण तो घातला म्हणून दिवसभर ऐकायला मोकळीक नाही, हे लक्षात असू द्या.

घरी डेसिबल मोजायला आपल्याकडे यंत्र कुठले? त्यासाठी तीन सोप्या खुणा. आवाजाच्या पट्टीवर दहा घरे असतील तर सहाव्याच्या वर जायचे नाही. मूल ऐकत असताना हातभर अंतरावर उभे राहून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ‘ओ’ आली नाही तर आवाज मोठा आहे. आणि त्याच्या हेडफोनमधले गाणे शेजारी बसून तुम्हाला ओळखता आले, तरी तेच समजा.

कानाच्या भोकात बसणाऱ्या बोंडांपेक्षा कानावर पूर्ण बसणारा, हलका हेडफोन मुलाला चांगला. बाहेरची गडबड कमी आत येते, म्हणून आवाज वाढवावा लागत नाही. एस.टी.त किंवा लोकलमध्ये मूल हमखास आवाज चढवते, कारण गाडीच्या खडखडाटावर मात करायची असते. प्रवासात गाणे नसले तर काही बिघडत नाही, खिडकी असतेच! कान फुटलेला, वाहणारा किंवा दुखणारा असेल तर हेडफोन पूर्ण बंद. मूल सारखे “काय?” “काय?” विचारू लागले, टीव्ही मोठा करू लागले, कानात शिटी वाजते म्हणाले, तर वेळ न दवडता कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

गाणी आणायची कुठून?

इथे पुष्कळ जणी फसतात. मोबाइलवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये आपण गाणे ‘डाउनलोड’ करतो, पण ते त्या अ‍ॅपच्या आतच राहते. उचलून प्लेअरमध्ये टाकता येत नाही. आणि कुठल्या तरी फुकट्या ठिकाणाहून उतरवावे, तर तो कायद्याने गुन्हा, वर संगणकाला विषाणूंची बाधा. तेव्हा घरात असलेल्या सीडी, विकत घेतलेली गाणी, हक्क मोकळे असलेली ध्वनिमुद्रणे, यांचा साठा करावा. जुन्या कॅसेटी अजून माळ्यावर असतील, तर त्याही कोणा जाणकाराकडून उतरवून घेता येतात.

जागेची चिंता नको. साध्या प्रतीचे एमपीथ्री गाणे मिनिटाला सुमारे १ एमबी जागा घेते. पाच मिनिटांची २०० गाणी १ जीबीत मावतात. ८ जीबी झाले की डोक्यावरून पाणी. उगाच १२८ जीबीच्या मोहात पडू नका. स्वस्तातल्या मोठ्या कार्डांवर छापलेली जागा पुष्कळदा खोटी निघते आणि अर्धी गाणी उडून जातात.

खरा खजिना मात्र बाजारात नाही, घरात आहे. आजीला निवांत बसवा आणि तिच्या गोष्टी, ओव्या, भोंडल्याची गाणी मोबाइलवर किंवा प्लेअरवर टिपून घ्या. मामाकडून कोकणातल्या भुताची गोष्ट घ्या. आई नोकरीवरून उशिरा येते, अशा घरी तर आईच्याच आवाजातली गोष्ट मुलाला दुपारी ऐकता येईल. आजी काय, कायमची का पुरणार आहे? पण तिचा खोकला, तिचे मधेच “ऐकतोस ना रे?” म्हणणे, सगळे त्या डबीत राहील.

बॅटरी आणि निगा

प्लेअर चार्जिंगला लावून उशीखाली किंवा गादीवर ठेवू नये. मोकळ्या फरशीवर किंवा टेबलावर ठेवावा, आणि शक्यतो दिवसा, आपण जागे असताना. यंत्र फुगलेले दिसले किंवा भलतेच तापले तर वापर ताबडतोब थांबवावा. निकामी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. हेडफोनच्या गाद्या आठवड्यातून एकदा किंचित ओलसर फडक्याने पुसून वाळवाव्यात. घामाने खाज सुटते.

दुकानात जाताना ही चिठ्ठी पर्समध्ये ठेवा

१. मोबाइलशिवाय वाजते का? समोर वाजवून दाखवायला सांगा.
२. आवाजाला वरची मर्यादा घालून ठेवता येते का?
३. वायरच्या हेडफोनचे गोल भोक आहे का?
४. मराठीत लिहिलेली गाण्याची नावे दिसतात, की नुसते चौकोन येतात? घरचे एक कार्ड बरोबर नेऊन पाहा.
५. घरी संगणक नसेल, तर कार्ड बाहेर निघते का?
६. बंद करून पुन्हा लावले, की गोष्ट सोडली तिथून सुरू होते का? लांब गोष्टींना हे फार लागते.
७. बटणे मुलाच्या बोटांनी दाबली जातात का? मुलालाच दाबू द्या.
८. पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद मिळतो का?

किमती काही शेकड्यांपासून कित्येक हजारांपर्यंत आहेत. अगदी स्वस्त घेऊ नये, फार महाग तर मुळीच नको. पडला, हरवला, तर मुलाला मार बसू नये एवढ्याच किमतीचा घ्यावा.

आणि घेतल्यावर पहिल्या आठवड्यात एक कराच. मुलाला विचारा, “तुझ्या डबीतलं एक गाणं मला ऐकव बरं.” ते कदाचित तुम्हाला मुळीच आवडणार नाही. तरी पूर्ण ऐका. आवाज किती ठेवलाय ते आपोआप कळेल, आणि लेकाच्या मनात सध्या काय वाजते आहे, तेही.