बदामीचा तांबडा कडा आणि हिवाळ्याचे ऊन

येळ्ळूरच्या शिवारात भाताची सुगी आटोपली आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की बदामीच्या कड्यांवर चढायचे दिवस आले. भल्या पहाटे निघून बेळगाव, यरगट्टी, लोकापूर करत गेले तर दिवसभर चढून रात्री घरी परतता येते. पण या वाटेवर पायाखालचा दगड कसा बदलत जातो, ते एकदा पाहाच!

आपल्याकडचा दगड लाव्हाचा. काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर जांभा. लोकापूरकडे चुनखडी लागते. युरोपातले प्रस्तरारोहणाचे कितीतरी नामांकित कडे चुनखडीचेच, प्राचीन समुद्रातल्या शिंपल्या-प्रवाळांपासून बनलेले. लोकापूरची चुनखडी मात्र शिंपलेवाले प्राणी पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधीची.

बदामीला पोहोचलो की समोर तांबडा वालुकाश्म. चुनखडीतल्या कॅल्साइटचा कठीणपणा मोजपट्टीवर 3, तर वालुकाश्मातल्या क्वार्ट्झचा 7. म्हणून चुनखडीच्या लोकप्रिय चढाया हजारो हातापायांनी घासून गुळगुळीत होतात, तर बदामीचा दगड बोटांची कातडी सोलतो. कड्यात ठोकलेल्या बोल्टांत दोर अडकवत वर जाताना डोळे दगडाजवळ न्या. आडव्या थरांच्या आत बारीक तिरप्या रेघा दिसतील. वाहत्या पाण्याने वाळू उतारावरून ढकलत नेली, त्या उताराच्या या खुणा. प्राचीन नदीचा प्रवाह कुठल्या दिशेला होता, ते या रेघांवरून ओळखता येते. ज्या कपारीत बोटे रुतवून आपण लोंबकळतो, ती त्या नदीचा तळ होती!

आणि ऊन? बदामी जवळपास 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम 50 अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेला तोंड असलेला उभा कडा दिवसभर तापतो आणि उत्तरेचा सावलीत राहतो. जूनच्या अखेरीस सगळे उलटे. तेव्हा सूर्य दुपारी डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो आणि त्याच दक्षिणमुखी कड्यावर दिवसभर थेट ऊन पडत नाही.

युरोपातला आरोहक थंडीत ऊन लागणारा कडा शोधतो. बदामीत सकाळचे कोवळे ऊन संपले की सावली गाठायची. घाम सुटला की बोटे घसरतात, म्हणून कमरेच्या पिशवीत मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड असते. पण गार दगडाइतका भरवसा त्या पुडीचाही नाही.

चालुक्यांची लेणीही याच वालुकाश्मात कोरलेली आहेत. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इ. स. 578 चा. तिथे चढायचे नाही, पण हात गार पडल्यावर जरूर जा आणि भिंतींवर, खांबांवर त्याच तिरप्या रेघा शोधा.