मत एकाचं, पण ठरतं कसं?



आपण सगळेच शाळेत बालमंत्रिमंडळाची निवडणूक घेतो. यंदा माझ्या चौथीच्या वर्गात दोन मुली उभ्या होत्या. घाई होती म्हणून मी हात वर करून मतदान घेतलं. वाडीवरची सगळी मुलं एकीकडे, गावठाणातली दुसरीकडे. मधल्या सुट्टीत एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मला दुसरीला मत द्यायचं होतं. पण सगळे बघत होते ना!"

चूक माझीच होती. पण मोठ्यांचंही असंच होतं. मत एकट्यानं द्यायचं असतं, ते ठरतं मात्र चारचौघांत. कसं, ते पाहू.

सामाजिक घटक

1) कुटुंब : 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. आज नाव यादीत आहे, पण "आमच्या घरात ठरलंय" हे वाक्य अजून ऐकू येतं.

2) जात, धर्म, भावकी : 'आपला माणूस' निवडून आला तर आपलं काम अडणार नाही, असा हिशोब यामागे असतो. जात किंवा धर्म पुढे करून मत मागणं हे लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123 नुसार भ्रष्ट आचरण आहे. मतदाराच्या मनातला हिशोब मात्र कायद्यानं बदलत नाही.

3) राहण्याचं ठिकाण : 2024 च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे 72 टक्के मतदान झालं, दक्षिण मुंबईत सुमारे 50 टक्के. गावात बोटाला शाई नसली तर शेजारी विचारतात. शहरात कोण विचारणार? आणि ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांचं नाव गावच्या यादीत, पण कोयता परजिल्ह्यात!

राजकीय घटक

1) पक्ष आणि उमेदवार : कुणी चिन्ह बघतं, कुणी माणूस. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून तिथे ओळख आणि गट जास्त चालतात. तोच मतदार लोकसभेला वेगळा विचार करतो.

2) प्रश्न आणि योजना : डिसेंबर 2023 मध्ये कांदा निर्यातबंदी आली. 2024 च्या लोकसभा प्रचारात नाशिक पट्ट्यात हाच विषय गाजला. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेत महिना 1500 रुपये सुरू झाले आणि नोव्हेंबरच्या विधानसभेला त्याचीच चर्चा झाली. पण कुठलाही निकाल एकाच कारणानं लागतो असं समजू नये.

3) दबाव : मत गुप्त ठेवण्याची जबाबदारी कलम 128 नुसार निवडणुकीच्या कर्मचाऱ्यांवर, म्हणजे आपल्यावरही असते. तरी केंद्रनिहाय आकडे कळतातच. एका माणसाचं मत लपतं, पण अख्ख्या वाडीचं लपत नाही. "आमचा रस्ता अडवतील" या भीतीनं वाडी एकगठ्ठा का जाते, ते इथे समजतं.

वर्गात काय करता येईल?

मतपेटीसाठी खोका घ्या, आडोसा करा, चिठ्ठ्या वापरा. नंतर "कुणाला मत दिलं?" असं अजिबात विचारू नका. "मत देताना काय बघावं?" एवढंच विचारा. पालकांनीही घरी हेच करावं.

आम्ही पुन्हा मतदान घेतलं. निवडून तीच मुलगी आली, पण या वेळी मतांचा फरक खूपच कमी होता. वाडी आणि गावठाण अशी सरळ विभागणी राहिली नव्हती. ती मुलगी चिठ्ठी टाकून आली आणि माझ्याकडे बघून हसली. तिनं कुणाला मत दिलं, ते मी विचारलं नाही.