ऑल्बियाच्या कांस्यनाण्यांवरील अपोलो

काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या युक्रेनमध्ये बुग नदीच्या मुखालगत, मिलेटसच्या ग्रीकांनी ऑल्बिया ही वसाहत स्थापिली. इतर ग्रीक नगरे प्राधान्याने रुप्याची नाणी पाडीत असता या नगराने इ. स. पू. सहाव्या शतकापासून कांस्य साच्यात ओतून चलन निर्माण केले. त्यातील आरंभीचे तुकडे बाणाच्या टोकाच्या आकाराचे आहेत. त्यानंतरचे डॉल्फिनच्या आकाराचे. येथे नाण्यावर चिन्ह नाही, चिन्ह हेच नाणे आहे.

हे आकार देवाचे की व्यापारी मालाचे, हा जुना वाद होय. काही डॉल्फिनांवर 'थू' अशी दोन अक्षरे आढळतात. कुपा माशाचे ग्रीक नाव 'थुन्नोस'. तेव्हा ही अक्षरे त्याचाच संक्षेप, असे एक मत आहे. इतर काहींवर 'आरिखो' असे आहे. त्याचा संबंध खारवलेल्या मासळीच्या 'तारिखोस' या नावाशी जोडण्यात आला; परंतु त्यासाठी आद्य 'त' गळाला असे मानावे लागते. व्यक्तिनामाची षष्ठी मानल्यास काहीच गृहीत धरावे लागत नाही. मासळीचा व्यापार नगरात होता हे खरे. तथापि त्यावरून नाण्याचा अर्थ ठरत नाही.

अधिक बळकट पुरावा भाषेत आहे. अपोलोचे एक अभिधान 'डेल्फिनिओस', आणि डॉल्फिनचे ग्रीक नाव 'डेल्फिस'. अपोलोने डॉल्फिनच्या रूपाने क्रीटच्या नाविकांना आपल्या स्थानी आणले, अशी कथा होमरच्या नावावर मोडणाऱ्या अपोलो-स्तोत्रात येते. 'डेल्फिस'चे मूळ गर्भाशयवाचक 'डेल्फुस' शब्दात आहे. पण व्युत्पत्ती काहीही असो, ग्रीक कानाला प्राण्याचे नाव ऐकताच देवाचे नाव आठवत असे. ऑल्बियात या देवाचे पवित्र आवार होते. शिवाय वैद्यरूपी अपोलो 'इएत्रोस' याचेही होते. धनुर्धर देवाच्या या दुसऱ्या रूपाशी बाणाच्या टोकांचा संबंध लावला जातो.

हे दोन आकार एकाच देवाचे असू शकतात काय? बेरेझान बेटावर सापडलेल्या आणि 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्थिपट्टिकेने या प्रश्नाला नवे वळण दिले. मिलेटसजवळील दिदिमाच्या अपोलोचा निर्देश करणाऱ्या तिच्या लेखात धनुर्धर, वैद्य व डॉल्फिन हे तिघेही एकाच मालिकेत येतात. पट्टिका नाण्यांविषयी काहीच सांगत नाही, हे विसरता कामा नये. परंतु नाणे हाती घेणाऱ्या नागरिकाच्या मनात ही प्रतीके एकत्र नांदत होती, एवढे तीवरून म्हणता येते.

पुढे ठशाने पाडलेल्या नाण्यांवर बोरिस्थेनिस, म्हणजे द्नीपर, या नदीदेवाचे शिंगे असलेले मस्तक येते. मागील बाजूस परशू व धनुष्याचा भाता. भाता सिथियन पद्धतीचा आहे. हेरोडोटसने दिलेल्या सिथियन उत्पत्तिकथेत त्यांचा आदिपुरुष या नदीच्या कन्येचा पुत्र असून आकाशातून पडलेल्या सुवर्णवस्तूंत परशूही आहे. या नाण्यांवरील नगरनाम मात्र ग्रीक लिपीत आहे.